उसना जोर

४ ऑगस्ट २०२४ ला रविवार होता आणि दीप अमावास्याही होती. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी सकाळपासून समया, निरांजने आणि माळ्यावरचा जुना कंदील खाली काढून चिंचेने घासण्याचे काम चालले होते, आणि बाहेर पाऊस असा कोसळत होता की ओटीवर बसून समोरचे माडसुद्धा नीट दिसत नव्हते. दुपारी पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने ग्रेट ब्रिटनला शूटआउटमध्ये हरवले. त्यानंतर बॅडमिंटनच्या उपांत्य फेरीत २२ वर्षांचा लक्ष्य सेन ३० वर्षांच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनसमोर पहिल्या गेममध्ये २०-१७ आणि दुसऱ्यात ७-० असा पुढे असूनही दोन्ही गेम हरला, तेव्हा घरात कोणी फारसे बोलले नाही. संध्याकाळी दिवे पाटावर मांडले गेले, आणि त्याच सुमारास टीव्हीवर टेनिसच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना रंगात आला: एका बाजूला ३७ वर्षांचा नोव्हाक जोकोविच, दुसऱ्या बाजूला २१ वर्षांचा कार्लोस अल्काराझ.

माझा भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "मामा, तू म्हाताऱ्याच्याच बाजूने असणार." मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो, म्हणजे त्याच्या हिशोबाने मी कोणत्या वर्गात मोडतो हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण त्याचा अंदाज चुकला होता. अशा लढतीत माझे मन नेहमी तरुण खेळाडूकडे जाते, आणि ते त्याच्याविषयीच्या कौतुकामुळे जाते असेही नाही. १९८९ च्या मे महिन्यात मी स्वतः त्या बाजूला उभा राहून हरलो आहे, आणि त्या बाजूने ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या क्लबाचे कोर्ट तेव्हा मातीचे होते, आजही आहे. पॅरिसच्या रोलाँ गारोचा तो प्रसिद्ध लाल रंग म्हणजे विटांच्या भुकटीचा दोनेक मिलिमीटरचा थर असतो, त्याच्या खाली पांढरी चुनखडी असते. आमच्याकडे लाल रंग वरून पसरावा लागत नाही, कारण जांभ्याच्या मुलखात खाली कितीही खणले तरी तांबडेच लागते. पावसाळ्याचे चार महिने कोर्ट नावाची वस्तूच नसते, तिथे गवत आणि बेडूक असतात. दसरा झाला की गवत खरवडायचे, माती चाळून घालायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची, दगडी रूळ फिरवायचा आणि घरचे खळे सारवावे तसे शेणाने सारवून घ्यायचे. मग दोरी ताणून फक्कीच्या रेघा मारायच्या. जाळे फाटले की शेजारचा एक गाबीत ते आपल्या सुईने विणून देई, त्यामुळे आमचे अर्धे नेट मासेमारीच्या हिरव्या नायलॉनचे होते. कोर्टाच्या मागे चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यापलीकडे काजूची बाग होती. त्या बागेतल्या करवंदीच्या जाळीत गेलेला बॉल परत मिळाल्याचे मला आठवत नाही.

बॉल ही तिथली सर्वांत महाग गोष्ट होती. ते एसटीने कोल्हापूरहून येत आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कुलपात राहत. डब्याची किल्ली तात्यांकडे असे. तात्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले, सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या आसपासचे, किडकिडीत अंगाचे गृहस्थ. खाकी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट आणि हातात लाकडी रॅकेट, जी दाबात ठेवली नाही तर पावसाळ्यात पापडासारखी वळत असे. त्यांनी एक बॉलवही ठेवली होती. तारीख, खेळणाऱ्यांची नावे, बॉल किती दिले, किती परत आले आणि शेवटी शेरा असे तिचे रकाने होते, आणि नोकरीतली सवय म्हणून ते प्रत्येक रकाना भरत.

मी मुंबईला शिकत होतो. कॉलेजच्या संघात होतो, ग्रॅफाइटची रॅकेट घेतली होती, आणि सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकणारा बोरिस बेकर हा माझ्या पिढीचा देव असल्यामुळे सर्व्हिस शक्य तितक्या जोरात मारणे यालाच टेनिस म्हणतात अशी माझी समजूत होती. गावात माझ्याइतका जोरात मारणारा कोणी नव्हता. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तात्यांशी एकेरी खेळायचे ठरले, तेव्हा मी त्यांना फार त्रास होणार नाही याची काळजी घ्यायचे मनाशी ठरवले होते, हे आज कबूल करताना लाज वाटते.

सामना पाऊण तासात संपला. ६-३, ६-२. तात्या जिंकले.

त्या पाऊण तासातला एक पॉइंट मला अजून जसाच्या तसा दिसतो. माझी सर्व्हिस चांगली पडली. तात्यांनी रॅकेट मागे नेलीच नाही, फक्त बॉलच्या वाटेत तिरकी धरली. बॉल नेटच्या जेमतेम वरून तरंगत आला आणि माझ्या बाजूला पडला तो उसळलाच नाही. घोट्याच्या वर चार बोटे उठून तिथेच मेला. मी धावत पुढे आलो, वाकलो आणि सवयीप्रमाणे पूर्ण हात फिरवला. नेट मध्यभागी ३ फूट उंच असते आणि बॉल त्याच्या बराच खाली होता, म्हणजे तो आधी वर उचलायचा आणि मग खाली उतरवायचा. जोर लावला तर तो खाली उतरत नाही. तो गडग्यावरून काजूत गेला. तात्या नेटजवळ उभे राहून तो कुठे पडला ते पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हिशोब होता.

हाच पॉइंट त्या संध्याकाळी थोड्याफार फरकाने तीस-चाळीस वेळा झाला. मी जितके जोरात मारी तितका बॉल हळू परत येई. वेगाने आलेला बॉल परतवायला फारसे काही लागत नाही, रॅकेट वेळेवर पोहोचली की समोरच्याचाच वेग तो परत पाठवतो. माझा सगळा खेळ त्यावर उभा होता, पण ते मला माहीत नव्हते, कारण मुंबईत माझ्या वयाचे सगळेच वेगाने मारत आणि आम्ही एकमेकांचा वेग एकमेकांना देत-घेत असू. तात्यांनी ती देवघेव बंद केली. आता प्रत्येक फटक्याला लागणारा वेग मला स्वतःच्या खांद्यातून काढायचा होता, तोही गुडघ्याखालच्या बॉलवर, आणि ते मला येत नव्हते.

सामना संपल्यावर पाणी पिताना ते म्हणाले, "झिला, तुझो जोर खंय हा? तो तर माझोच होतो." मला ते कोडे वाटले, आणि त्याहून जास्त तो अपमान वाटला. घरी जाऊन मी सांगितले की वारा फार होता. आमच्याकडे मेच्या संध्याकाळी समुद्रावरून वारा येतोच, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. आठवड्याने मी मुंबईला परत गेलो.

त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, एका जुन्या सामन्याची चित्रफीत पाहताना लागला. विम्बल्डन, ५ जुलै १९७५, आर्थर अ‍ॅश आणि जिमी कॉनर्स. कॉनर्स २२ वर्षांचा, आदल्या वर्षीचा विजेता, आणि त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावता आलेला. अ‍ॅश पाच दिवसांनी ३२ पूर्ण करणार होता, म्हणजे त्या काळच्या मापाने उतरणीला लागलेला. त्याच कॉनर्सने आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, ३९ वर्षांच्या केन रोझवॉलला विम्बल्डनच्या आणि अमेरिकन ओपनच्या अशा दोन अंतिम सामन्यांत गाठले होते, आणि दोन्ही सामन्यांतल्या सहा सेटमध्ये मिळून रोझवॉलला फक्त आठ गेम घेऊ दिले होते. विम्बल्डनमध्ये ६-१, ६-१, ६-४. न्यूयॉर्कमध्ये ६-१, ६-०, ६-१. ज्येष्ठ खेळाडू आणि उगवता विजेता समोर आले की बहुतेक वेळा असेच होते, आणि ते होते म्हणूनच त्याची गोष्ट होत नाही.

अ‍ॅश मुळात जोरदार फटके मारणारा. त्याने नेहमीसारखा खेळ केला असता तर त्याची गत रोझवॉलहून फार वेगळी झाली नसती, कारण कॉनर्सला वेगच हवा असे. पोलादी चौकटीच्या रॅकेटने समोरून आलेला वेग तो सपाट फटक्यात दुप्पट करून परत देई. अ‍ॅशने त्या दिवशी स्वतःचा खेळ घरी ठेवला. उजव्या हाताची कापलेली सर्व्हिस तो बाहेरच्या बाजूला टाकत होता, त्यामुळे डावखुऱ्या कॉनर्सला दोन हातांच्या बॅकहँडसाठी कोर्टाबाहेर ताणले जावे लागे. आणि नंतर कॉनर्सच्या फोरहँडला तो मऊ, बुटके, बिनवेगाचे बॉल देई, जे कॉनर्स नेटमध्ये मारी. बाजू बदलताना अ‍ॅश खुर्चीवर डोळे मिटून बसे. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा कॉनर्सने ७-५ घेतला, चौथा ६-४ अ‍ॅशचा. कॉनर्सने त्या सुमारास अ‍ॅशवर कोर्टात दावा लावलेला होता, त्यामुळे या सामन्याला भांडणाचा रंगही होता. पण ती चित्रफीत पाहताना मला भांडण दिसले नाही. मला करवंदीच्या जाळीकडे जाणारा बॉल दिसला.

अशा निकालांनंतर "अनुभव जिंकला" असे लिहिण्याची पद्धत आहे. मला तो शब्द आळशी वाटतो. अनुभव रोझवॉलकडे अ‍ॅशपेक्षा जास्त होता, आणि त्याला आठ गेम मिळाले. अ‍ॅशकडे त्या दिवशी होते ते जास्त बारीक आणि जास्त अवघड काहीतरी: समोरचा कशावर जगतो ते ओळखणे, आणि आपल्या हातात ते भरपूर असूनही त्याला न देणे. माणसाला जे उत्तम येते ते न करण्यासाठी जी जीभ चावावी लागते ती विशीत कोणाकडे नसते, आणि खरे सांगायचे तर पन्नाशीतही फार थोड्यांकडे असते.

पॅरिसच्या त्या संध्याकाळी मात्र ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. अल्काराझ हा उसन्या वेगावर जगणारा खेळाडू नाही. मऊ बॉलवर तो स्वतः वेग तयार करतो, आणि नेटजवळ अलगद टाकलेला ड्रॉपशॉट हे तर त्याचेच हत्यार आहे. तीनच आठवड्यांपूर्वी, १४ जुलैला, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याने जोकोविचला ६-२, ६-२, ७-६ असे सरळ हरवले होते. जोकोविचच्या उजव्या गुडघ्यावर ५ जूनला शस्त्रक्रिया झाली होती आणि गुडघ्याला पट्टा होता. मी भाच्याला सांगितले की हा सामना एकतर्फी होणार. मी त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच चुकल्या.

पहिल्या सेटमध्ये ४-४ असताना एक गेम इतका लांबला की मधे वीज जाऊन आली तरी तो संपला नव्हता. अल्काराझला त्या एका गेममध्ये पाच ब्रेकपॉइंट, म्हणजे जोकोविचच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याच्या संधी, मिळाल्या आणि पाचही जोकोविचने वाचवले. संपूर्ण सामन्यात अशा आठ मिळाल्या आणि आठही त्याने वाचवल्या. दोघांपैकी कोणाचीही सर्व्हिस एकदाही तुटली नाही, म्हणजे सेट कोणाकडे जाणार हे दोन टायब्रेकरवरच, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक छोट्या गेमवरच, ठरायचे होते. पहिल्या टायब्रेकरमध्ये ३-३ असताना जोकोविचने सलग चार पॉइंट घेतले. दुसऱ्यात त्याने फक्त दोन दिले. ७-६, ७-६, दोन तास पन्नास मिनिटे.

जोकोविचने काय राखून ठेवले होते, ते मला नंतर उमगले. बाकीचा सामना तो फक्त बरोबरीत ठेवत होता; शरीरात जे होते ते त्याने त्या दोन छोट्या तुकड्यांसाठी बाजूला काढले होते. आमच्याकडे वर्षभराचा तांदूळ कणगीत असतो, पण गणपतीचा वेगळा काढून ठेवलेला असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही, तसेच काहीसे ते होते. इथे एक गोष्ट जोकोविचच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण ती सांगायला हवी. ऑलिंपिकचा अंतिम सामना टोकियोपासून पाचऐवजी तीन सेटचा खेळवला जातो. रिओमध्ये तो पाच सेटचा होता. पॅरिसला पाच सेट असते, तर प्रत्येक पुढच्या सेटला तो राखीव तांदूळ कुठवर पुरला असता याविषयी मी पैज लावली नसती.

शेवटचा फोरहँड तिरका गेला आणि जोकोविच मातीवर गुडघे टेकून रडू लागला. हात इतके थरथरत होते की टीव्हीवर दिसत होते. त्याचे हे पाचवे ऑलिंपिक होते आणि तोवर त्याच्याकडे २००८ च्या बीजिंगचे एक कांस्यपदक तेवढे होते. १९८८ मध्ये टेनिस ऑलिंपिकमध्ये परत आल्यापासून इतक्या वयात एकेरीचे सुवर्ण कोणी घेतले नव्हते. सगळे कॅमेरे त्याच्यावर होते. थोड्या वेळाने अल्काराझची मुलाखत झाली आणि बोलता बोलता तोही रडला. घरात दिव्यांची वात कोणीतरी पुढे सरकवली. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "हा का रडतोय? याला अजून चार ऑलिंपिक आहेत." मी काही बोललो नाही. एकविसाव्या वर्षी माणूस चार ऑलिंपिकचा हिशोब करत नाही. काहीतरी आपल्याकडे आहे असे वाटत होते आणि ते नव्हते, एवढेच त्याला त्या क्षणी कळते.

या विजयांची किंमतही मोजावी लागते. २०२५ च्या जानेवारीत मेलबर्नला उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचने अल्काराझला पुन्हा हरवले, ४-६, ६-४, ६-३, ६-४. पहिल्याच सेटमध्ये त्याचा डावा पाय दुखावला होता. औषध घेऊन, लांब पॉइंट टाळत, लवकर फटका मारून त्याने सामना काढला. पुढच्या सामन्यात झ्वेरेव्हशी एक सेट खेळून त्याला सोडून द्यावे लागले आणि काही प्रेक्षकांनी हुर्यो केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अल्काराझने त्याला उपांत्य सामन्यात सरळ तीन सेटमध्ये हरवले. तरुण खेळाडू शिकतो, आणि वर्षभरात तो शिकलेला असतो.

कॉनर्सचे पुढे काय झाले, हे मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा जास्त आवडते. २ सप्टेंबर १९९१ ला, त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कमध्ये तो २४ वर्षांच्या अ‍ॅरन क्रिकस्टीनविरुद्ध खेळत होता. जागतिक क्रमवारीत तो १७४ वा होता, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आलेला. पाचव्या सेटमध्ये २-५ ने मागे पडून त्याने तो सेट टायब्रेकरवर घेतला. सामना ४ तास ४१ मिनिटे चालला. म्हणजे ज्याने रोझवॉलला आठ गेम दिले होते तो त्याच वयाला येऊन पलीकडच्या बाजूला उभा होता, आणि उपांत्य फेरीत जिम कुरियरने त्याचेही तसेच केले.

मी आता गावीच असतो. २०२४ च्या दसऱ्यानंतर कोर्ट नेहमीप्रमाणे चोपून झाले. माझ्या उजव्या गुडघ्यात जिना उतरताना आवाज येतो, तरी आठवड्यातून तीनदा जातो. क्लबात एक पंधरा वर्षांची मुलगी येते, जी दोन्ही हातांनी इतक्या जोरात मारते की तिच्या बॅकहँडचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. तिच्याशी खेळताना मी मनाशी ठरवून तात्यांचा तो तिरका, मेलेला बॉल टाकला. तो नेटपासून वीतभर आत पडला. ती दोन पावलांत पोहोचली, रॅकेट अलगद खाली घातली आणि माझ्या डोक्यावरून लोब केला. मागे वळून धावायला जे पाय लागतात ते माझ्याकडे नव्हते. तात्यांच्या त्या खेळात कावेबाजपणा किती होता आणि तंगड्या किती होत्या, हे मला तोवर वेगळे करता आले नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते रोज पहाटे मोचेमाडच्या खाडीपर्यंत चालत जाऊन येत, हे मला आईने सांगितले होते, पण मी ते टेनिसशी कधी जोडले नव्हते.

त्याच आठवड्यात क्लबाची मागची खोली साफ केली. कौलातून गळलेल्या पाण्याने भिजलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात बिस्किटाचा डबा सापडला आणि डब्यात बॉलवही. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण तात्यांचे कचेरीतले वळणदार अक्षर शाबूत होते. मी १९८९ चे पान शोधले. ता. २१ मे, रविवार. त्यांचे नाव, माझे नाव. निकालाला त्या वहीत रकानाच नव्हता. बॉल दिले: ६. परत: ४. आणि शेऱ्याच्या रकान्यात, वेगळ्या शाईने, म्हणजे बहुधा एक-दोन दिवसांनी लिहिलेले तीन शब्द होते: "वारा अजिबात नव्हता."